जमिनीचा प्रश्न आणि केनियाची माणसे

ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात हिंदी महासागरावरील मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूपर्यंत रेल्वेमार्ग बांधला. त्या कामासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले आणि त्यांतील २,५०० च्या आसपास मजूर तेथेच मृत्युमुखी पडले. रेल्वेवर झालेला प्रचंड खर्च भरून निघायचा तर मार्गालगत नगदी पिके निघाली पाहिजेत आणि ती गोऱ्या शेतकऱ्यांनीच काढली पाहिजेत, असे वसाहत सरकारचे धोरण ठरले. त्यासाठी १९०२ च्या कायद्याने तेथील जमीन ब्रिटिश राजसत्तेची मानून तिचे वाटप सुरू झाले, तर १९१५ च्या कायद्याने ती गोऱ्या वसाहतवाल्यांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळू लागली. थंड हवेचा आणि सुपीक मातीचा हा डोंगराळ पट्टा ‘व्हाइट हायलँड्स’, म्हणजे गोऱ्यांसाठी राखीव उच्चभूमी, या नावाने ओळखला जाऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे किकुयू, नांदी, मासाई हे लोक एक तर राखीव टापूंत कोंडले गेले किंवा गोऱ्यांच्या मळ्यांवर मजूर म्हणून राबू लागले.

या मजुरांवर नजर ठेवण्यासाठी पहिल्या महायुद्धानंतर ‘किपांडे’ नावाची पद्धत अमलात आली. किपांडे म्हणजे ओळखपत्र. त्यावर माणसाच्या बोटांचे ठसे, मालकाचे नाव, मजुरीचा दर आणि नोकरीचा तपशील नोंदलेला असे, आणि हा कागद पत्र्याच्या लहानशा डबीत घालून ती डबी दोरीने गळ्यात अडकवून हिंडावे लागे. आपली जमीन कागदावर हरवलेल्या माणसाने आपली ओळखही कागदावर, आणि तीही मालकाच्या शिक्क्यानिशी, गळ्यात वागवायची, असा तो प्रकार होता.

केनियातील कर्तृत्ववान व्यक्तींचा परिचय करून देताना धावपटू, लेखक, राजकारणी, संशोधक अशी क्षेत्रवार विभागणी करण्याची पद्धत रूढ आहे. ती सोयीची असली तरी या माणसांना एकमेकांशी जोडणारे सूत्र तिच्यामुळे झाकले जाते. या भूमीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न केनियाच्या विसाव्या शतकात बंदुकीने, छापखान्याने, भाषेने आणि रोपट्यांनी, अशा नाना साधनांनी विचारला गेला, आणि तेथील अनेक मोठ्या माणसांचे मोठेपण याच प्रश्नाशी बांधलेले आहे.

जंगलातील लढा

हा प्रश्न शस्त्राने विचारणाऱ्यांत देदान किमाथी (१९२०-१९५७) यांचे नाव अग्रभागी येते. जगाने ज्यांना ‘माउ माउ’ म्हणून ओळखले त्या बंडखोरांनी स्वतःच्या सेनेच्या नावात जमीन आणि स्वातंत्र्य हे दोन्ही शब्द जोडीने घातले होते, यावरून त्यांच्या मागणीचा गाभा स्पष्ट होतो. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. हजारो किकुयू छावण्यांत डांबले गेले आणि एक हजाराहून अधिक लोकांना फाशी देण्यात आली. किमाथी ऑक्टोबर १९५६ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले, १८ फेब्रुवारी १९५७ रोजी नैरोबीजवळच्या कामिती तुरुंगात त्यांना फाशी झाली आणि त्यांचे शव खुणेचा दगडही न ठेवता पुरण्यात आले. देश १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला, तरी माउ माउवरील वसाहतकालीन बंदी उठण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. ब्रिटिश सरकारने छळ सोसलेल्या ५,२२८ व्यक्तींना भरपाई देण्याचे मान्य केले ते २०१३ मध्ये.

गोव्याशी नाते सांगणारा केनियन

माउ माउच्या लढ्याला शहरातून शस्त्रे आणि पैसा पुरवणाऱ्यांत पियो गामा पिंटो होते. गोमंतकीय कुटुंबातील पिंटो यांचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत झाला आणि बालपणीच त्यांना शिक्षणासाठी हिंदुस्थानात पाठवण्यात आले. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काही काळ शिकल्यानंतर त्यांनी मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी धरली, तेथील संपात भाग घेतला आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या स्थापनेत सहभाग घेतला. पोर्तुगीजांकडून अटक होण्याचा धोका निर्माण झाल्यावर १९४९ मध्ये ते केनियाला परतले. एका साम्राज्याच्या हातून निसटून दुसऱ्या साम्राज्याशी झुंज घेण्यासाठीच ते परतले, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणावे लागते. १९५४ मध्ये, लग्नानंतर काही महिन्यांतच, ब्रिटिशांनी त्यांना अटक केली आणि लामूजवळच्या मांडा बेटावरील छावणीत स्थानबद्ध केले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जमिनीच्या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. गोऱ्यांचे मळे ब्रिटनकडून मिळालेल्या कर्जातून विकत घ्यायचे आणि आफ्रिकन शेतकऱ्यांनी हप्त्यांनी त्यांचे मोल फेडायचे, अशी व्यवस्था झाली. त्यामुळे ज्यांच्याकडून जमीन हिरावली गेली त्यांनाच ती विकत घेण्याची पाळी आली, आणि ज्यांच्या हाती पैसा किंवा सत्ता होती त्यांच्या वाट्याला मोठे मळे गेले. डाव्या विचारांचे नेते ओगिंगा ओडिंगा यांच्या गटात राहून पिंटो या विषमतेविरुद्ध उभे राहिले. १९६४ मध्ये ते संसदेत गेले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत स्वतःच्या घराच्या आवारात, मुलगी मोटारीत बसलेली असताना, त्यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. त्यांचे वय तेव्हा अवघे ३७ वर्षांचे होते. स्वतंत्र केनियातील ही पहिली राजकीय हत्या मानली जाते.

भाषेची भूमी

न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांचा जन्म लिमुरूजवळच्या कामिरीथू गावचा, म्हणजे ऐन उच्चभूमीतला. शाळेत किकुयू भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात, तो मूर्ख किंवा गाढव असल्याचे लिहिलेली धातूची पट्टी अडकवली जात असे, ही आठवण त्यांनी नोंदवून ठेवली आहे. वडिलांच्या पिढीच्या गळ्यात किपांडेची डबी आणि मुलांच्या गळ्यात ही पट्टी, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की न्गुगींनी भाषेच्या प्रश्नाला जमिनीच्या प्रश्नाइतकेच महत्त्व का दिले, हे कळू लागते. जेम्स न्गुगी या नावाने इंग्रजीत कादंबऱ्या लिहून त्यांनी कीर्ती मिळवली होती, परंतु ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना आपले लेखन वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना.

मिचेरे गिथाए मुगो यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये देदान किमाथी यांच्या खटल्यावर नाटक लिहिले, तेही इंग्रजीतच. निर्णायक पाऊल पडले ते १९७७ मध्ये. कामिरीथूच्या शेतकऱ्यांनी आणि मळ्यांवरील मजुरांनी स्वतः खपून खुले नाट्यगृह उभारले, आणि न्गुगी वा थिओंगो यांनी न्गुगी वा मिरी यांच्या साथीने लिहिलेले ‘न्गाहिका न्देन्डा’ हे किकुयू नाटक गावकऱ्यांनीच त्यात सादर केले. एका गरीब शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा धनदांडगे कसे गिळतात, हे त्याचे कथानक. इंग्रजीतील टीका सहन करणाऱ्या सरकारला लोकांच्या भाषेतील ही टीका सोसवली नाही. काही आठवड्यांतच प्रयोगाचा परवाना रद्द झाला आणि वर्ष सरता सरता न्गुगींना अटक झाली. आरोपपत्राशिवाय जवळजवळ वर्षभर त्यांना ठेवले गेले ते त्याच कामिती तुरुंगात, जेथे किमाथींना फाशी झाली होती. तेथे मिळणाऱ्या शौचालयाच्या खरखरीत कागदावर त्यांनी लपूनछपून किकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली. १९८२ मध्ये पोलिसांनी कामिरीथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले.

उंबराच्या कुळातले झाड

वांगारी माथाई (१९४०-२०११) यांचे बालपण न्येरी भागातील इहिथे गावात गेले. घराजवळच्या ओढ्याकाठी ‘मुगुमो’चे एक विशाल झाड होते. मुगुमो हा वड-उंबराच्या कुळातला वृक्ष किकुयू लोक पवित्र मानतात. त्याच्या वाळक्या काटक्याही सरपणासाठी आणायच्या नाहीत, ते देवाचे झाड आहे, असे आईने लहानग्या वांगारीला बजावले होते. महाराष्ट्रातील देवराया ज्या श्रद्धेने टिकल्या, तीच ही श्रद्धा. अमेरिकेत जीवशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन, १९७१ मध्ये नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या महिला ठरलेल्या माथाई पुढे गावी गेल्या, तेव्हा नव्या मालकाने चहाच्या लागवडीसाठी ते झाड तोडले होते आणि ओढाही आटला होता. झाडाची खोल मुळे मातीला धरून ठेवीत होती आणि खालचे पाणी वर आणीत होती, हा श्रद्धेमागचा अर्थ त्यांना तेथे उमगला.

सरपण नाही, पाणी दूर गेले, माती वाहून जाते, अशा ग्रामीण स्त्रियांच्या तक्रारी ऐकून त्यांनी १९७७ च्या जागतिक पर्यावरणदिनी नैरोबीत सात झाडे लावली. ‘ग्रीन बेल्ट’ म्हणजे हरितपट्टा चळवळीची ही सुरुवात. चळवळीची कार्यपद्धती अत्यंत साधी होती. स्त्रियांनी आसपासच्या झाडांचे बी गोळा करायचे, फुटक्यातुटक्या भांड्यांतही रोपे वाढवायची, आणि लावलेले रोप जगले की प्रत्येक रोपामागे त्यांना अल्पसा मोबदला मिळायचा. मोबदला लावण्याचा नसून जगवण्याचा होता, आणि याच नियमावर या चळवळीने ५ कोटींहून अधिक झाडे उभी केली.

झाडाला जमीन लागते, त्यामुळे ही चळवळ सत्तेला भिडणे अटळच होते. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्क या सार्वजनिक उद्यानात साठ मजली इमारत उभारण्याचा घाट सत्ताधारी पक्षाने घातला, तेव्हा माथाई जवळजवळ एकट्याने विरोधात उभ्या राहिल्या. संसदेत त्यांची अवहेलना झाली, परंतु इमारत झाली नाही. १९९९ मध्ये कारुरा जंगलाची जमीन बांधकाम व्यावसायिकांच्या घशात जाऊ नये म्हणून रोपे लावायला गेलेल्या माथाईंवर भाडोत्री गुंडांनी हल्ला केला आणि त्यांचे डोके फुटले. २००४ मध्ये शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन महिला ठरल्या. आपल्या शवपेटीसाठी झाड तोडले जाऊ नये, या त्यांच्या इच्छेनुसार ती पेटी बांबू, पपायरस आणि जलपर्णी यांची केली गेली.

मातीच्या पोटातले आणि मातीवरचे

कामोया किमेउ यांनी या भूमीशी जोडलेले नाते लाखो वर्षांच्या मोजमापाचे होते. शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसाने १९६० पासून लीकी या पुरामानवशास्त्रज्ञांच्या कुटुंबाच्या उत्खननांत काम केले, आणि खड्यांच्या पसाऱ्यातून जीवाश्म ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. ऑगस्ट १९८४ मध्ये तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस, नारिओकोटोमे नदीच्या कोरड्या पात्राजवळ, काळ्या खड्यांमध्ये त्यांना कवटीचा काडेपेटीएवढा तुकडा दिसला. त्या तुकड्याच्या मागावरून सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा हाती आला. मानवाच्या पूर्वजांचा इतका परिपूर्ण सांगाडा त्याआधी क्वचितच मिळाला होता.

धावपटूंची कथाही याच भूमीवरची आहे. रेल्वेला आणि जमीनबळकावणीला वर्षानुवर्षे विरोध करणारे नांदी लोकांचे नेते कोइतालेल अराप सामोई यांना १९०५ मध्ये ब्रिटिशांनी ठार मारले. त्याच नांदींमधील किपचोगे केइनो यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये, पित्ताशयाचा आजार अंगावर काढीत, १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी वसवलेल्या एल्डोरेट शहराजवळ त्यांनी पुढे अनाथ मुलांसाठी घर आणि शाळा उभारली.

यांतील अनेक घडामोडींचा साक्षीदार म्हणावा असा एक माणूस होता. गोमंतकीय पिता आणि मासाई माता यांच्या पोटी १९११ मध्ये जन्मलेले जोसेफ मुरुंबी १९६६ साली काही महिने केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते; नंतर राजकारण सोडून त्यांनी आफ्रिकेतील कलावस्तू, पुस्तके आणि कागदपत्रे जमवण्यात उर्वरित आयुष्य घालवले. या संग्रहाचा मोठा भाग आज केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मित्र पियो गामा पिंटो यांच्या कबरीच्या सान्निध्यात, नैरोबीच्या सिटी पार्क या उद्यानात त्यांचे दफन करण्यात आले. पुढे या उद्यानाच्या जमिनीवरही बळकावणाऱ्यांची नजर पडली, आणि ती वाचवण्यासाठी नैरोबीच्या नागरिकांना लढावे लागले.