काचेचं घर, झाकली मूठ

आधुनिक वास्तुकलेवरचं पुस्तक उघडलं की एक पांढरं काचेचं घर हमखास भेटतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी आठ पोलादी खांबांवर ते उभं आहे. मालकीण होत्या शिकागोच्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एडिथ फार्न्सवर्थ आणि वास्तुकार होते लुडविग मीस फान डेर रोह. चारी बाजूंना फरशीपासून छतापर्यंत काच. मधोमध लाकडी फळ्यांचा एक गाभा, त्यात दोन न्हाणीघरं. गाभ्याच्या एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या अंगाला शेकोटी. बाकी सगळं मोकळं. झाडं, नदी, बर्फ घरातच असल्यासारखे. फोटो पाहणाऱ्याला वाटतं, यात एवढं करायचं काय होतं? तर तेच सांगायचंय.

खांब आणि तुळया जोडल्या कशा, हे घराला प्रदक्षिणा घालूनही कळत नाही. कारण ते कळू नये यासाठीच सगळी मेहनत होती. खांब आधी तात्पुरत्या बोल्टांनी जागेवर धरले. वेल्डिंग केलं, बोल्ट काढले, भोकंही वेल्डनेच बुजवली आणि घासून सपाट केली. मग सँडब्लास्टिंग आणि त्यावर पांढरा रंग. मीस यांच्या ऑफिसातला तरुण मायरन गोल्डस्मिथ हे काम सांभाळत होता. लोखंडी काम करून घेतलेल्या कुणालाही विचारा, जोड दाखवणं सोपं आणि स्वस्त असतं. लपवायचा म्हटला की बिल फुगतं.

फरशीची गंमत त्याहून मोठी. घरातली ट्रॅव्हर्टिन दगडाची लादी तशीच पुढे बाहेरच्या ओट्यावर जाते, त्यामुळे आत कुठे संपलं आणि बाहेर कुठे सुरू झालं ते जाणवत नाही. आता कुठलाही गवंडी पहिला प्रश्न विचारेल, ‘ढाळ कुठे दिलाय?’ ढाळ द्यावा तर आतबाहेरची सलग पातळी मोडते, न द्यावा तर ओट्यावर पाणी साचतं. मीस यांनी तोड काढली ती लादीच्या खाली. तिथे उलट्या पिरॅमिडच्या आकाराची पत्र्याची भांडी बसवून त्यांत खडी भरली आणि वर लाद्या अगदी सपाट मांडल्या. पाणी लाद्यांमधल्या फटींतून खाली उतरतं. वर ढाळ दिसत नाही, तो तळघरात दडवलेल्या धनासारखा खाली आहे. छतावरचं पाणी, नळ, सांडपाणी हेही घराखालच्या एकाच जाड नळकांड्यातून जातं.

इथवर सगळं वास्तुकाराचं कौतुक. पुढचे किस्से राहणाऱ्या बाईंचे.

डॉक्टरबाईंनी कपड्यांसाठी कपाट मागितलं. त्यावर, वीकएंडच्या घराला एक पोशाख पुरे, तो न्हाणीघराच्या दारामागे अडकवा, असा सल्ला मीस यांनी दिला म्हणतात. शेवटी सागवानी कपाट आलंच, पण त्याच्या उंचीवरूनही खटका उडाला. मीस यांना प्रमाणबद्धतेसाठी ते पाच फूट हवं होतं. बाई होत्या सहा फूट उंच. कपाटाच्या आडोशाला कपडे बदलताना डोकं बाहेरून दिसणार, हे त्यांनी सुनावलं. सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवला तरी तो रस्त्यावरून दिसतो, ही त्यांची तक्रारही १९५३ साली छापून आली.

उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही पूर्वेला खालच्या बाजूला. रात्री दिवा लावला की नदीकाठचे किडे काचेवर जमत. डासांसाठी ओट्याला कांस्याच्या चौकटीतली जाळी बसवावी लागली आणि आतबाहेर एक करणारा ओटा जाळीबंद झाला!

१९५१ साली घर पुरं होईतो खर्च सुमारे ७४ हजार डॉलरवर गेला होता. मीस यांनी थकलेल्या पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा ठोकला. न्यायालयाचा कौल मीस यांच्या बाजूने गेला आणि पुढे तडजोड झाली. दोघांमधली मैत्री तोवर संपली होती.

नदीने मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही. पुराचा विचार करून घर जमिनीपासून सव्वापाच फूट उचललं होतं. १९५४ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांत, पाणी आत शिरलं. जुलै १९९६ च्या पुरात तर काच फुटली. तेव्हा मालक होते ब्रिटिश धनिक पीटर पालम्बो. १९७२ मध्ये घर ताब्यात आल्यावर त्यांनी जाळी काढून टाकली आणि एसी बसवला. २००३ च्या लिलावात वारसा जपणाऱ्या संस्थांनी हेच घर ७५ लाख डॉलरना घेतलं. २०२१ मध्ये त्याच्या नावात ‘एडिथ’ जोडलं गेलं. बाईंना हे पाहायला मिळालं नाही, त्या १९७७ मध्येच वारल्या.

हे घर अप्रतिम आहे यात वाद नाही. पण साधं दिसणाऱ्या घराची किंमत कुणीतरी मोजतंच, एक तर बांधताना कारागीर, नाही तर राहताना मालक. फार्न्सवर्थ घरात दोघांनीही मोजली. तेव्हा नदीकाठी किंवा डोंगरउतारावर काचेचं सेकंड होम बांधायचं मनात असेल, तर आर्किटेक्टला आधी चार प्रश्न विचारा. कपाट कुठे? जाळी कुठे? ओले रेनकोट कुठे वाळणार? गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? उत्तरं नकाशावर काढून मिळेपर्यंत चेक फाडू नका.