मर्ढेकरांच्या एका कवितेतील भ्रमनिरास आणि शब्दयोजना

मराठी नवकवितेने आधुनिक जीवनातील भ्रमनिरास चित्रित केला, हे विधान समीक्षेत इतक्या वेळा आढळते की तो कवितेत नेमका कोठे असतो, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. यंत्र, गर्दी, महायुद्ध अशी विषयांची यादी दिली की उत्तर मिळाल्यासारखे वाटते. विषाद बा. सी. मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’मध्येही (१९३९) आहे, परंतु तो वैयक्तिक आहे आणि रूढ काव्यभाषेत सुखाने नांदतो. ‘काही कविता’मध्ये (१९४७) बदलली ती ही भाषा.

पिंपात मेलेल्या उंदरांची त्या संग्रहातील कविता सर्वपरिचित आहे. तिच्या आरंभीची क्रियापदे मरणे, पडणे, मिळणे अशी अकर्मक आहेत. उंदीर मेले, पण मारणारा वाक्यात नाही. माना पडल्या, पण त्या कोणी मुरगळल्या नाहीत. हा अभाव कवी ‘विण’ या शब्दयोगी अव्ययाने सांगतो. संतकाव्यात ‘विण’ विरहाचे असते, आणि ज्याच्यावाचून भक्त तळमळतो त्याचे नाव त्याच्या आधी येते. येथे त्याच्या आधी एकदा कृदंत येते, एकदा ‘आसक्ती’ हे नाम. मरणाला कारण नाही आणि मीलनाला इच्छा नाही.

पुढे जगणे व मरणे या दोहोंना कवी ‘सक्ती’ हा एकच शब्द लावतो. व्युत्पत्तीने ‘आसक्ती’ व ‘सक्ती’ यांचे काही नाते नाही: पहिला शब्द संस्कृत, दुसरा फारसी ‘सख्त’पासून आलेला. उच्चारात मात्र पहिल्यातील ‘आ’ गळाला की दुसरा उरतो. हा केवळ शब्दचमत्कार मानणे ही चूक होईल, कारण इच्छा जाऊन जबरदस्ती उरते हा कवितेचा आशयच या एका स्वराच्या लोपात आहे.

‘बेकलायटी’ हे विशेषणही असेच आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या कृत्रिम द्रव्याच्या नावाला मराठी ‘ई’ प्रत्यय लावून ते घडविले आहे आणि त्याची गाठ मधाच्या पोळ्याशी घातली आहे. प्रत्यय घरचा असल्यामुळे कृत्रिमता परकी म्हणून दूर ठेवता येत नाही.

या कवितेवरून मर्ढेकरांना केवळ निराशावादी ठरविणे मात्र उतावीळपणाचे आहे. त्यांच्या प्रार्थनापर कवितांत आज्ञार्थ येतो आणि ज्याच्याकडे मागावे असा द्वितीय पुरुषही येतो. उंदरांच्या कवितेत हाक मारण्याजोगा असा कोणी नाही. शेवटचे क्रियापद ‘न्हाणे’, तेही अकर्मकच.