कामावर नवा गडी

फलटण तालुक्यातली पुष्कळ मुले-मुली आता कारखान्यात कामाला जातात. साखरवाडीला साखर कारखाना आहे. सुरवडीला इंजिनांचे कारखाने आहेत. पोरगं पहिल्या दिवशी हौसेने जातं. आठ दिवसांनी मान खाली घालून घरी येतं. म्हणतं, "मला न्हाई जमायचं." घरचेही म्हणतात, "मग ऱ्हाऊ दे." अशाने हातची भाकरी जाते.

असे का होते? यंत्राचा आवाज नवा, हत्यारांची नावे नवी, माणसे नवी. म्हणून जीव घाबरतो. नवा खोंड आपण जुन्या बैलाबरोबर जुंपतो. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून सगळे रान नांगरून घेत नाही. माणसाचेही तसेच आहे.

आपल्याच मुलखातली गोष्ट पाहू. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. जागा औंधच्या राजेसाहेबांनी दिली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. त्या निवडुंगाच्या माळावर शिकलेले कारागीर कोठून येणार? शंभूराव जांभेकरांचे शिक्षण पुरे झालेले नव्हते. पण कामावर शिकत शिकत ते तिथले इंजिनियर झाले. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगरही आधी कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असे लोक म्हणत. त्यांनी धीर सोडला नाही.

मग नव्या गड्याने काय करावे?

समजले नाही तर विचारावे. लाजू नये. न विचारता यंत्राला हात लावला, तर बोट जायचे.

खिशात छोटी वही ठेवावी. रोज दोन हत्यारांची नावे लिहावीत. महिन्यात पन्नास-साठ नावे पाठ होतात.

चूक झाली तर लगेच सांगावी. झाकली तर सगळा माल वाया जातो.

दहा वर्षे मुरलेल्या माणसाशी बरोबरी करू नये. काल आपल्याला काय येत होते आणि आज काय येते, एवढेच पाहावे.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे. त्यांच्याशी लेखी करार करावा लागतो. विद्यावेतन द्यावे लागते. म्हणजे नव्याने शिकावे, हे कायद्यालाही मान्य आहे. उमेदवार या शब्दातच उमेद आहे.

आता घरच्यांसाठी एक सांगणे. पोरगं कामावरून आलं, की "किती मिळालं?" असे लगेच विचारू नका. आधी विचारा, "आज काय शिकलास?" त्याने त्याला बळ येईल.