पडद्याचे इंच

पडदा म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही. १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी याच गावात उभी राहिली. मूकपटांच्या त्या काळी चित्राची चौकट रुंदीस चार तर उंचीस तीन अशी असे. पुढे दूरचित्रवाणीने आणि तिच्या मागून संगणकाने तेच प्रमाण उचलले. १९५३ साली अमेरिकेत सिनेमास्कोप आला, १९५९ साली ‘कागज के फूल’ने तो आपल्याकडे आणला आणि पडदा रुंदावला. आज दुकानात मिळणारे बहुतेक पडदे सोळास नऊ प्रमाणाचे असतात. प्रमाण बदलले, मोजण्याची रीत मात्र जुनीच राहिली. घोटाळा आहे तो इथे.

दुकानदार ‘वीस इंची’ म्हणतो तेव्हा तो रुंदी सांगत नाही आणि उंचीही सांगत नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर, म्हणजे कर्ण, तेवढा सांगतो. जुन्या पडद्याचा हिशेब आपल्या गवंड्यांना तोंडपाठ आहे. भिंती गुण्यात आहेत की नाहीत हे पाहताना ते एका बाजूस ३ फूट, दुसऱ्या बाजूस ४ फूट मोजतात आणि तिरके ५ फूट भरते का ते पाहतात. त्याच न्यायाने २० इंची जुना पडदा १६ इंच रुंद व १२ इंच उंच, म्हणजे १९२ चौरस इंचांचा. सोळास नऊचा २० इंची पडदा सुमारे १७.४ इंच रुंद, पण उंच अवघा ९.८ इंच, जागा १७१ चौरस इंच. इंच तेच, जागा शेकडा ११ने कमी!

असे का व्हावे? कर्ण कायम ठेवला तर सर्वांत जास्त जागा चौरसात मावते. तो चौरस वरून दाबत गेलो की रुंदी थोडीशी वाढते, उंची मात्र झपाट्याने घटते. शेवटी कर्णाएवढी लांब नुसती रेघ उरते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. आमच्या युनियनच्या कचेरीतला जुना पडदा बिघडला, तेव्हा सभासदांच्या वर्गणीतून तितक्याच इंचांचा रुंद पडदा मीच आणला आणि स्वस्तात मिळाला म्हणून खूषही झालो. पगारपत्रक उघडले, तेव्हा खालची नावे दिसेनात. अक्षर तेवढेच ठेवून पाव इंचाची ओळ धरली, तर ४८ ओळींच्या जागी ३९च मावतात. खजिनदारांनी पावती पुढे केली. इंच बरोबर होते, भांडावे तरी कुणाशी? महागाई भत्त्याचा आकडा पाहताना पायाभूत वर्ष विचारा, असे मी वर्षानुवर्षे कामगारांना सांगत आलो, आणि पडद्याचे प्रमाण विचारायला स्वतःच विसरलो.

तेव्हा जुन्या पडद्याची उंची हवी असेल, तर रुंद पडद्याचे इंच जवळजवळ सव्वापट घ्यावेत: २०च्या जागी साडेचोवीस. नुसती जागा तेवढीच हवी असेल, तर सव्वाएकवीस पुरतात. रुंद पडदा वाईट असतो असे मात्र नाही. दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहायला तो फार सोयीचा.

घरच्या ३२ इंची दूरचित्रवाणीवर जुना मूकपट लावला की दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या येतात आणि प्रत्यक्ष चित्र २६ इंची उरते. त्या पट्ट्या घालवण्यासाठी काही जण चित्र ताणतात. मग पात्रांचे चेहरे एकतृतीयांशाने रुंद होतात. पट्ट्या असू द्याव्यात. आणि दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी.