गेमवरचा वयाचा शिक्का किती भरवशाचा?
पालकांनो, गेम घेताना वयाचा शिक्का जरूर बघा, पण तिथेच थांबू नका! 'मॉर्टल कॉम्बॅट' या गेममधल्या रक्तपातावरून अमेरिकी सिनेटमध्ये वाद पेटला आणि १९९४मध्ये तिथे गेमना वयाचा शिक्का देणारी 'ईएसआरबी' ही संस्था आली. युरोपची अशीच संस्था 'पेगी' २००३ची. हिंसा, शिवीगाळ, नग्नता यांबाबत त्यांचा शिक्का मला भरवशाचा वाटतो. 'जीटीए ५'वर पेगीचं १८ आहे, ते अगदी योग्यच.

पण 'फिफा २०' हा फुटबॉलचा गेम बघा. पेगीचा शिक्का ३! आत मात्र खरे पैसे मोजून बंद पॅक घेता यायचे, कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. अशा खरेदीची वेगळी सूचना दोन्ही संस्थांनी २०२०मध्ये सुरू केली. ऑनलाइन अनोळखी माणसं मुलांशी काय बोलतील, हे तर ईएसआरबीच्या शिक्क्यात धरलेलंच नसतं. चॅट आणि खरेदीची सेटिंग्ज आधी स्वतः लावा, मगच मुलांच्या हाती गेम द्या.