पोळ्यापासूनची गाठ

सकाळी 6.30

उपकेंद्र नऊला उघडतं, पण मी आणि आशाताई जानेवारीत साडेसहालाच गावात फिरायला लागतो. तूर काढणीला आली आहे, कपाशीचा शेवटचा वेचा सुरू आहे. मूर्तिजापूर तालुक्यातल्या या गावात नऊनंतर उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. तिशी ओलांडलेल्या बाईशी बोलायचं तर चूल पेटल्यापासून डबा बांधेपर्यंतचा एवढाच वेळ हाती असतो.

आशाताईंच्या हातात सी-बॅकचा फॉर्म असतो. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, आणि पुढे बायकांसाठीचे प्रश्न: स्तनात गाठ, बोंडातून रक्तासारखं पाणी, आकारात फरक. सासरे ओसरीवर बसलेले असताना या प्रश्नांचं उत्तर कायम ‘नाही’ असंच येतं. म्हणून आमच्या आशाताई तेवढे प्रश्न मागे ठेवतात आणि बाई पाणी भरायला न्हाणीकडे गेली की तिच्यामागे जाऊन विचारतात. फॉर्म तोच असतो, पण उत्तर कधी कधी बदलतं.

7.15

आज बदललं.

“हाये एक गाठ. पन दुखत नाई.”

“कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

आमच्याकडे दुखणं सणांवरून मोजतात. पोळा म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. पाच महिने होत आले. बाई बेचाळीस-त्रेचाळीसची. या पाच महिन्यांत ती गप्प बसली होती असं मात्र नाही. आधी जावेला सांगितलं. महालक्ष्म्यांच्या वेळी बहीण आली, तिला दाखवलं. दिवाळीत माहेरी आईने हात लावून पाहिला आणि दुधाची गाठ असेल, जिरेल म्हणाली. मेडिकलवाल्याकडून कसल्याशा गोळ्या आणून खाल्ल्या. तीन बायकांना ठाऊक होतं, नवऱ्याला नव्हतं.

“घरी सांगतलं अस्तं त वेचाले कोन गेलं अस्तं? आन दुखत त नाई, मंग कायले धावपळ?”

अडाणीपणा म्हणून हे सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो. तिच्या आयुष्यात दुखणं हीच दवाखान्यात जायची खूण आहे. दाढ दुखली की जायचं, पोट दुखलं की जायचं. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला कोणी समोर बसून सांगितलेलंच नाही. ऑक्टोबरातले गुलाबी फलक तालुक्याला लागतात. तिच्या वावरात ते पोचत नाहीत.

9.00

उपकेंद्रात पडदा ओढला, दाराला आतून कडी घातली. आधी तिला बसवून दोन्ही हात वर करायला सांगितले. हात वर गेले तशी डाव्या बाजूला एका जागी कातडी आत ओढली गेली. हात खाली असताना हे दिसत नव्हतं. मग झोपवून, डावा हात डोक्याखाली घेऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी तपासलं: गळपट्टीच्या हाडापासून खाली, परत वर, उभ्या ओळींत, आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल. काखेत वरच्या बाजूला शिरून. गाठ सुपारीएवढी, टणक, फारशी हलत नाही.

तिची नजर माझ्या चेहऱ्यावर असते, म्हणून मी बोलत राहते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे सांगते, कारण ते खरं आहे. कोणती आहे आणि कोणती नाही हे हाताने कळत नाही, हेही सांगते. त्याला तीन गोष्टी लागतात: सर्जनची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेला तुकडा. तिन्ही झाल्याशिवाय गोळी नाही, लेप नाही, ‘थांबून पाहू’ नाही.

10.30

“घरी मी सांगू, का तुम्ही?” हे मी दर वेळी विचारते. ती म्हणाली, तुम्हीच सांगा.

तो वावरातून तसाच आला. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “मॅडम, इनं मले आंधी काऊन नाई सांगतलं?” मग लगेच, “उद्याच जातो.” नवरे आडवे येतात असं सरसकट म्हटलं जातं. काही येतातही. पण आमच्याकडे बहुतेक वेळा नवऱ्यापर्यंत ही गोष्ट पोचलेलीच नसते, असं मला दिसतं.

आता कुठे जायचं? अकोला जवळ, पण नणंद अमरावतीत राहते. बाईला ‘बायकांचा दवाखाना’ हवा असतो, म्हणजे अकोल्याला लेडी हार्डिंग आणि अमरावतीला डफरीन. स्तन बाईचा, म्हणून दवाखानाही बाळंतपणाचा, असा तिचा हिशोब. पण स्तनाची गाठ शस्त्रक्रिया विभागाकडे जाते. म्हणजे अकोल्याला सर्वोपचार, अमरावतीला इर्विन. हे आधी न सांगितलं तर तिचा एक दिवस आणि एक मजुरी वाया जाते, आणि दुसऱ्यांदा ती निघेलच असं नाही. अकोला ठरलं. चिठ्ठीवर ‘शस्त्रक्रिया विभाग’ मोठ्या अक्षरात लिहिलं.

12.00

बीपी, शुगर, लसीकरणाच्या नोंदी. एक बाळंतीण: स्तन लाल, गरम, ताप. तिला लगेच उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं, बाळाला पाजणं बंद करू नको म्हणून बजावलं. कॉलेजातली एक मुलगी, पाळीआधी दोन्ही बाजूंना दुखतं म्हणून घाबरलेली. मजा पाहा, दुखणारी आठवड्यात येते आणि न दुखणारी पोळ्यापासून थांबते.

2.30

अंगणवाडीत हळदीकुंकू. बोलायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. तिळगूळ, वाण, आणि मध्ये माझी वीस मिनिटं. कापडी नमुन्यावर गाठ कशी लागते ते बायकांना हाताने शोधायला लावलं. आधी हसल्या, मग एकेक जण पुढे आली.

पण हळदीकुंकवाला विधवा येत नाहीत. वय वाढतं तसा या आजाराचा धोका वाढतो, आणि पन्नाशी-साठीतल्या कितीतरी बायका एकट्या असतात. ज्यांना विचारणारं घरात कोणी नाही, नेमक्या त्याच बाहेर राहतात. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आमच्याकडे ठराव नाही, पण आशाताई स्वतः चार घरी जाऊन हात धरून त्यांना घेऊन येतात. आज कुणी काही बोललं नाही. तपासून घेणाऱ्यांत त्याच पहिल्या होत्या.

5.00

मागच्या आठवड्यात पाठवलेल्या एका बाईच्या मुलीचा फोन. सुईची तारीख मिळाली, पण काकू म्हणतात सुई लावली की गाठ पसरते. मी मुलीला म्हटलं, फोन आईकडे दे. सुईने कर्करोग पसरत नाही. सुईशिवाय डॉक्टरला औषध ठरवता येत नाही. हेच तीनदा, न चिडता सांगितलं. जाईन म्हणाली.

7.30

पोर्टलवर नोंदी. माझ्या वहीत मी एक रकाना जास्त ठेवला आहे: बाईने पहिल्यांदा कोणाला सांगितलं. जाऊ, बहीण, आई, शेजारीण. आरोग्य कर्मचारी जवळजवळ कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाई दवाखान्यात आल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं. आमचे दिवस त्याच्या आधीच संपलेले असतात.

म्हणून मला मुंबईचं काम महत्त्वाचं वाटतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआतल्यांत तसा फरक दिसला नाही. चीननेही 2009 पासून खेड्यांतल्या बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची मोफत तपासणी सुरू केली. आपल्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी कागदावर आहेच. ती हाताने व्हायला उपकेंद्रात बाई हवी, पडदा हवा, आणि तिला वेळ हवा.

8.30

सकाळच्या बाईच्या घरी फोन केला. पहाटेची एसटी, तिला अर्धं तिकीट. सोबत जाऊ येणार आहे, वेचा दोन दिवस थांबला.

रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. पुढे उपचार लागलाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मदत आहे. जुन्या गोळ्यांची पाकिटं फेकू नका, डॉक्टरला दाखवा. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक घराला एक विनंती: गाठ, बोंडातून रक्त, आत ओढलेलं बोंड किंवा कातडी, काखेतला गोळा, यांतलं काहीही कोणी सांगितलं तर ‘दुखते का?’ असं विचारू नका. ‘कधीपासून आहे?’ असं विचारा आणि त्याच आठवड्यात तिला शस्त्रक्रिया विभागात घेऊन जा.