हमीचे काम, शहराचा पैसा
मंडळी, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेले होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पुढे अशा कामाला कायद्याचा आधार मिळाला, त्यामागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे होते. विधान परिषदेचे हे सभापती. मागेल त्याला काम, हा त्यांचा आग्रह.

पण पैसा आणायचा कोठून? खरी मेख तिथेच. १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो कापायचा आणि जमेल तितकीच भर सरकारने घालायची! १९७७ च्या कायद्याने काम हा हक्क ठरवला. १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. तेव्हा ती मजुरी कुणाची मेहेरबानी नव्हती, हे पोरांनाही सांगा. २००५ साली दिल्लीनेही हीच वाट धरली.